चालक मज्जापेशींचा रोग आणि सलाइनमधून द्यावयाचे औषध



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, अर्थकारण, अध्यात्म अशा विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. ज्या रोह्याशी चिंतामणराव देशमुखांचे आणि पांडुरंगशास्त्री आठवल्यांचे नाव जोडलेले आहे, त्या रोह्याच्या श्रोत्यांनी अशाच विषयांची अपेक्षा धरावी हेही साहजिक आहे. आज मात्र आम्ही एका रोगावर आणि त्या रोगावरील एका औषधावर बोलणार आहोत. रोग विरळा आहे. युरोपात दरवर्षी लाख माणसांत सुमारे २ जणांना तो नव्याने होतो. हा हिशेब आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडेल असे नव्हे. तरी एका तालुक्यात एका वेळी मोजकीच घरे या रोगाशी झुंजत असतील, एवढे त्यावरून कळते. ही घरे मोजकी असल्यामुळेच एकटी पडतात. शेजाऱ्याला मधुमेह असला तर दहा जण अनुभव सांगतात. या रोगाचा अनुभव सांगणारा गावात कोणी भेटत नाही.

अशा घरावर रोगाचे निदान झाल्यापासून थोड्याच दिवसांत एक निर्णय येऊन पडतो. एडाराव्होन नावाचे औषध शिरेवाटे, सलाइनमधून, महिनोन्महिने द्यावयाचे असते. ते सुरू करावे काय, किती दिवस चालू ठेवावे, त्यासाठी किती पैसा बाजूला काढावा? हा निर्णय बहुधा भीतीच्या भरात आणि अपुऱ्या माहितीवर घेतला जातो. तो शांतपणे कसा घेता येईल, एवढेच आजच्या व्याख्यानाचे प्रयोजन आहे. येथे ऐकून कोणी औषध सुरू करू नये आणि चालू असलेले बंदही करू नये. तज्ज्ञ डॉक्टरांपुढे बसताना कोणते प्रश्न घेऊन बसावे, ते मात्र येथून अवश्य घेऊन जावे.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊ. आपण हात उचलतो, पाऊल टाकतो, घास गिळतो, ते मेंदूच्या आज्ञेने. ही आज्ञा स्नायूपर्यंत पोचविणाऱ्या पेशींना चालक मज्जापेशी म्हणतात. त्यांपैकी काही मेंदूत असतात, काही मेंदूच्या देठात आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत. या पेशी एकामागून एक मरू लागल्या म्हणजे स्नायू धडधाकट असूनही त्यांना आज्ञा मिळत नाही. ते फडफडतात, वाळतात आणि निकामी होतात. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील जाँ-मार्तां शार्को या वैद्याने १८६९ साली या रोगाचे सविस्तर वर्णन केले. त्याचा नेहमी आढळणारा प्रकार ए. एल. एस. या नावाने ओळखला जातो, सामान्यतः एम. एन. डी. असेही म्हणतात. रोगाची सुरुवात साधी असते. सदऱ्याची गुंडी लागत नाही, पायातली चप्पल निसटते, बोलणे जड होते, पाणी पिताना ठसका लागतो.

या रोगात काय जाते याइतकेच काय शिल्लक राहते हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. स्पर्श कळतो, दिसते, ऐकू येते. डोळ्यांची हालचाल बहुधा अखेरपर्यंत टिकते. काही रुग्णांच्या विचारशक्तीवर व स्वभावावर परिणाम होतो हे खरे. परंतु पुष्कळांची बुद्धी शाबूत असते. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, हा रोग असल्याचे कळले, आणि ते २०१८ पर्यंत जगले. २००१ च्या जानेवारीत ते मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील परिषदेसाठी आले होते, आणि आपला एकोणसाठावा वाढदिवस त्यांनी मुंबईतच साजरा केला. त्यांचे आयुष्य हा फार मोठा अपवाद आहे. बहुसंख्य रुग्णांना लक्षणे दिसू लागल्यापासून काही थोडी वर्षेच मिळतात. म्हणून त्यांचे उदाहरण आयुष्याच्या लांबीसाठी घेऊ नये. खुर्चीत खिळलेला आणि स्वतःच्या आवाजाने न बोलणारा माणूस विचाराने पूर्ण जागा असू शकतो, हे समजण्यासाठी घ्यावे. कारण आपल्याकडे रुग्णाचे बोलणे थांबले की घरची मंडळी त्याच्यादेखत त्याच्याविषयी, तो तेथे नसल्यासारखी बोलू लागतात.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील डॉक्टरांनी ३० वर्षांत पाहिलेल्या १,१५३ रुग्णांचा वृत्तान्त २००८ साली प्रसिद्ध केला. त्यात रोगारंभाचे सरासरी वय ४६ च्या आसपास निघाले. पाश्चात्त्य देशांत हा रोग बहुधा साठीच्या आगेमागे होतो. म्हणजे आपल्याकडे तो पुष्कळदा कमावत्या माणसाला गाठतो. मुले शिकत असतात, घराचे कर्ज फिटायचे असते, आणि अशा वेळी औषधाचा खर्च उभा राहतो. निर्णयाचे वजन यामुळे दुणावते.

औषधाकडे वळण्यापूर्वी निदानाविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे. या रोगाचे निश्चित निदान करणारी एकच अशी रक्ताची तपासणी नाही. तज्ज्ञ डॉक्टर रुग्णाला हातापायाने तपासतो, स्नायूंची विद्युत्‌-तपासणी म्हणजे ई. एम. जी. करतो, मानेचा व मेंदूचा एम. आर. आय. काढतो आणि याच्यासारखे दिसणारे दुसरे रोग एकेक करून बाजूला सारतो. मानेच्या मणक्यांचा दाब, काही उपचारसाध्य मज्जातंतुविकार, तरुण मुलांच्या हातापुरता मर्यादित राहणारा हिरायामाचा रोग, ही त्यांची उदाहरणे. या रोगांचे उपचार अगदी वेगळे आहेत. म्हणून निदानाबद्दल शंका असेल तर दुसऱ्या मज्जारोगतज्ज्ञाचे मत घेण्यात संकोच नसावा. पण वर्षभर या दवाखान्यातून त्या दवाखान्यात, मालिशवाल्याकडून मांत्रिकाकडे असे फिरण्याची चैनही परवडणारी नाही. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत अनेकांचे एक वर्ष जाते, आणि ज्या औषधाबद्दल आपण बोलणार आहोत त्याचा जो काही उपयोग दिसला तो रोगाच्या प्रारंभीच्या काळातच दिसला आहे.

आता एडाराव्होन. या औषधाचा जन्म रुग्णालयात झाला नाही. तो रंगांच्या आणि रसायनांच्या घराण्यात झाला. १८८३ साली लुडविग नोर या जर्मन रसायनज्ञाने फिनाइलहायड्राझिन आणि अॅसिटोअॅसेटिक एस्टर यांच्या संयोगाने एक पदार्थ तयार केला. त्याच्यापासून पुढे अँटिपायरिन हे ताप उतरविणारे औषध निघाले. हाच मूळ पदार्थ पिवळ्या रंगद्रव्यांच्या धंद्यात वापरला जाऊ लागला. आपल्याकडील रंगरसायनांच्या व्यापारात तो फिनाइल मिथाइल पायराझोलोन, थोडक्यात पी. एम. पी., या नावाने ओळखला जातो. धाटावच्या कारखान्यांत ज्यांची हयात गेली आहे अशा मंडळींना पायराझोलोन हा शब्द परका वाटणार नाही. एडाराव्होन म्हणजे रासायनिकदृष्ट्या तोच रेणू. याचा अर्थ कारखान्यातील पिंपामधला पदार्थ औषध आहे असा मात्र मुळीच नव्हे. शिरेत जाणारा पदार्थ निर्जंतुक व शुद्ध असावा लागतो, आणि त्याची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजावी लागते.

शंभर वर्षांनंतर जपानी संशोधकांनी या रेणूचा वेगळा गुण हेरला. खाडीकाठच्या घरातील लोखंडी गजांना गंज कसा चढतो हे कोकणात कोणाला सांगावयास नको. आपल्या पेशींतही प्राणवायूच्या वापरातून काही उग्र कण निर्माण होतात आणि ते पेशींच्या आवरणाचे गंजासारखे नुकसान करतात. एडाराव्होन हे कण टिपून घेते. मेंदूचा रक्तपुरवठा तुटून अर्धांगवायूचा झटका आला असता हे नुकसान कमी व्हावे म्हणून जपानने २००१ साली त्याला मान्यता दिली. चालक मज्जापेशींच्या मरणातही अशा कणांचा वाटा असावा या तर्काने ते या रोगात वापरून पाहण्यात आले. जपानने व दक्षिण कोरियाने २०१५ साली, अमेरिकेने २०१७ साली आणि कॅनडाने २०१८ साली त्यास या रोगासाठी मान्यता दिली. युरोपात मात्र कंपनीने २०१९ साली आपला अर्ज मागे घेतला.

एका देशाने हो म्हणावे आणि दुसऱ्या खंडात अर्ज मागे घेतला जावा, हे कसे? त्यासाठी पुरावा पाहिला पाहिजे. या रोगाची प्रगती मोजण्यासाठी ४८ गुणांची एक मोजपट्टी आहे. बोलणे, लाळ, गिळणे, लिहिणे, घास कापणे, कपडे घालणे, अंथरुणात कूस बदलणे, चालणे, जिना चढणे आणि श्वासाविषयी तीन बाबी अशा बारा गोष्टींना प्रत्येकी शून्य ते चार गुण देतात. निरोगी माणसाचे ४८. जपानमध्ये सुमारे २०० रुग्णांवर झालेल्या पहिल्या मोठ्या प्रयोगात एडाराव्होनचा उपयोग सिद्ध झाला नाही. तथापि काही निवडक रुग्णांत फरक दिसतो असे वाटल्यावरून दुसरा प्रयोग योजण्यात आला. त्याचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात १३७ रुग्ण होते. रोग सुरू होऊन दोन वर्षांहून अधिक काळ न झालेले, श्वासाची शक्ती ऐंशी टक्के वा अधिक असलेले आणि बाराही बाबींत निदान दोन गुण राखून असलेले असेच रुग्ण त्यात घेतले होते. बहुतेक सर्वजण रिलुझोल नावाची जुनी गोळीही घेत होते. सहा महिन्यांत नुसते सलाइन मिळालेल्यांचे सरासरी ७.५० गुण घटले. एडाराव्होन मिळालेल्यांचे ५.०१. फरक अडीच गुणांचा.

हा अडीच गुणांचा फरक नीट समजून घ्यावा. गुण वाढले नाहीत, दोन्हीकडे घटलेच. औषधाच्या गटात ते काहीसे सावकाश घटले. गेलेली शक्ती परत आली असे घडले नाही, आणि हे औषध रोग बरा करते असे कोणताही जाणता डॉक्टर म्हणणार नाही. पण अडीच गुण म्हणजे अगदीच काही नाही असेही म्हणवत नाही. स्वतःच्या हाताने जेवणे आणि दुसऱ्याने भरविणे यांमधले अंतर या मोजपट्टीवर थोड्याच गुणांचे असते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जर्मनीतील अनेक रुग्णालयांनी मिळून, एडाराव्होन व रिलुझोल दोन्ही घेणाऱ्या १९४ रुग्णांची तुलना केवळ रिलुझोल घेणाऱ्या, त्यांच्याशी मिळत्याजुळत्या १३० रुग्णांशी केली. ती २०२२ साली प्रसिद्ध झाली. रोगाच्या प्रगतीत लक्षणीय फरक आढळला नाही. ही पाहणी चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या प्रयोगाइतकी काटेकोर नसते. तरी तिचे वजन आहे. पुढे औषध पोटातून देण्याचे रूपही निघाले आणि अमेरिकेने त्याला २०२२ साली मान्यता दिली. परंतु युरोपात पोटातून द्यावयाच्या निराळ्या बनावटीवर सुमारे ३०० रुग्णांत झालेल्या प्रयोगात उपयोग दिसला नाही, असे २०२४ च्या जानेवारीत जाहीर झाले. तात्पर्य, पुरावा संमिश्र आहे. लवकर निदान झालेल्या, श्वास चांगला असलेल्या रुग्णात थोडा उपयोग होण्याचा संभव आहे. रोग पुढे गेलेल्या रुग्णात तो होतो असे दाखविणारा भक्कम आधार नाही.

आता हे औषध देतात कसे ते पाहू. एका दिवसाची मात्रा ६० मिलिग्रॅम. आपल्याकडे ३० मिलिग्रॅमच्या कुप्या मिळतात, म्हणजे दिवसाला दोन. त्या मिठाच्या साध्या सलाइनमध्ये मिसळून सुमारे एक तासात शिरेवाटे देतात. ग्लुकोजच्या सलाइनमध्ये त्या मिसळू नयेत, हे औषध लावणाऱ्या परिचारिकेला ठाऊक असल्याची खात्री करून घ्यावी. पहिल्या फेरीत सलग १४ दिवस औषध आणि १४ दिवस विश्रांती. पुढील प्रत्येक फेरीत १४ दिवसांपैकी १० दिवस औषध आणि पुन्हा १४ दिवस विश्रांती.

घरी कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब मांडावा. सहा फेऱ्यांना २४ आठवडे लागतात. पहिल्या फेरीचे १४ आणि पुढल्या पाचांचे ५०, मिळून ६४ दिवस सलाइन, कुप्या १२८. वर्षभरात तेरा फेऱ्या धरल्या तर १३४ दिवस आणि २६८ कुप्या. डॉक्टरांनी सांगितलेल्या कंपनीच्या कुपीची किंमत विचारून तिला या आकड्याने गुणावे. त्यात सलाइन, सुई, परिचारिकेचे मानधन आणि येण्याजाण्याचा खर्च मिळवावा. अमेरिकेत हे औषध आले तेव्हा वर्षाचा खर्च सुमारे १,४५,००० डॉलर सांगितला जात होता. आपल्याकडे अनेक भारतीय कंपन्या ते बनवीत असल्यामुळे खर्च त्याच्या एका लहान अंशाइतकाच येतो. तरीही तो महिन्याच्या पगाराशी ताडून पाहावा. एका फेरीचा खर्च जमवून दुसऱ्या फेरीला हात आखडावा लागेल, अशी अवस्था आधीच ओळखलेली बरी.

रोह्यात राहणाऱ्यास आणखी एक विचार करावा लागतो. मुंबई शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. चालता न येणाऱ्या माणसाला दहा दिवस रोज कोलाड किंवा नागोठण्यावरून महामार्गाने नेणे-आणणे म्हणजे औषधाने वाचविलेली शक्ती रस्त्यावर सांडून टाकणे होय. म्हणून पहिली मात्रा तज्ज्ञांच्या देखरेखीखाली मोठ्या रुग्णालयात घ्यावी आणि पुढील मात्रा गावातच देण्याची सोय होईल काय हे विचारावे. पुष्कळदा गावातील दवाखान्यात ते होऊ शकते. त्यासाठी मुंबईच्या डॉक्टरांची लेखी सूचना गावच्या डॉक्टरांकडे असावी, आणि दोघांचे फोनवर बोलणे झालेले असावे. आपल्याकडील उन्हाळा लक्षात घेऊन कुप्या लेबलावर लिहिलेल्या तापमानात व उजेडापासून दूर ठेवाव्यात. पावसाळ्यात रस्ते बंद पडतात. तेव्हा एका फेरीच्या कुप्या आधी आणून ठेवणे शहाणपणाचे.

औषधाच्या धोक्यांविषयी हात राखून बोलणे योग्य नाही. या औषधाच्या द्रावात सामान्यतः सल्फाइट जातीचा क्षार टिकाऊपणासाठी घातलेला असतो. दम्याच्या रुग्णांस त्याची उग्र बाधा होऊ शकते. म्हणून दमा किंवा पूर्वी कोणत्याही औषधाची अॅलर्जी असेल तर ती आधीच सांगावी. सलाइन चालू असताना अंगावर गांधी उठणे, घसा आवळणे, धाप लागणे असे काही झाले तर ताबडतोब सलाइन थांबवून डॉक्टरांस बोलवावे. एकट्याने, दार लावून ते घेऊ नये. जपानात अर्धांगवायूच्या रुग्णांत मूत्रपिंडे अकस्मात निकामी झाल्याचे आढळल्यावरून २००२ साली तेथे इशारा देण्यात आला होता. तेव्हा सुरुवातीला आणि मधून मधून मूत्रपिंडाची रक्ततपासणी व्हावी. अंगावर काळेनिळे डाग, डोकेदुखी, चालताना अधिक अस्थिरता हे नेहमीचे त्रास. शिवाय वाळलेल्या हातात शीर सापडणे दिवसेंदिवस कठीण होते. त्यासाठी छातीतील मोठ्या शिरेत कायमची नळी बसवितात. तिच्यात जंतुसंसर्ग होण्याचा किंवा रक्त गोठण्याचा धोका असतो. जर्मनीतील पाहणीतही सलाइनच्या जागी संसर्ग झाल्याची नोंद आहे. ताप आला की ती जागा प्रथम पाहावी.

येथे एक प्रश्न हमखास विचारला जातो: औषध लागू पडते आहे हे आम्हाला कळावे कसे? खरे उत्तर असे की, एका रुग्णाच्या बाबतीत ते निश्चित कळत नाही. रोग औषधाशिवाय किती वेगाने वाढला असता हे कोणीच पाहिलेले नसते. तरी एक उपाय आहे. औषध सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांकडून त्या ४८ गुणांची नोंद करून घ्यावी, आणि दर फेरीला ती घ्यावी. सुरू करतानाच रुग्ण, घरची मंडळी आणि डॉक्टर यांनी ठरवावे की सहा महिन्यांनी बसून विचार करावयाचा. गुण पूर्वीच्याच वेगाने उतरत असतील, शिरा संपल्या असतील, किंवा रुग्ण कंटाळला असेल, तर औषध थांबविणे हा पराभव मानू नये. थांबण्याची अट आधी ठरलेली असली की मुलगा पुढे स्वतःला दोष देत नाही, आणि सुनेवर कोणी ठपका ठेवीत नाही.

आता आम्हाला जे मुख्यत्वे सांगावयाचे आहे त्याकडे येतो. सलाइनची बाटली टांगलेली दिसते, थेंब पडताना दिसतात, म्हणून घराला वाटते की खरा उपचार चालला आहे तो हाच. बाकीच्या गोष्टी साध्या दिसतात आणि मागे पडतात. वास्तविक त्यांपैकी काहींचा आधार या औषधाहून अधिक भक्कम आहे. रिलुझोल ही गोळी १९९५ पासून वापरात आहे. ५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, उपाशीपोटी, आणि यकृताच्या तपासणीसह. ती आयुष्य सरासरी दोन-तीन महिन्यांनी वाढविते. एडाराव्होन घेत असला तरी डॉक्टरांनी मना केले नसेल तर ही गोळी सोडू नये.

त्याहून मोठी गोष्ट श्वासाची. या रोगात मृत्यू बहुधा श्वासाचे स्नायू थकल्याने येतो. उताणे झोपवत नाही, रात्री वारंवार जाग येते, सकाळी डोके जड असते, दिवसा पेंग येते, ही त्याची पहिली लक्षणे. अशा वेळी नाकातोंडावर मुखवटा लावून हवा आत ढकलणारे बायपॅप नावाचे यंत्र रात्री लावतात. इंग्लंडमध्ये ४१ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ज्यांचे गिळणे-बोलणे फारसे बिघडले नव्हते अशा रुग्णांचे आयुष्य या यंत्राने २०५ दिवसांनी वाढले, आणि झोप सुधारली ती वेगळीच. जवळपास सात महिने! म्हणून पैसा एकाच गोष्टीपुरता असेल तर सलाइन आणि यंत्र यांत कशाला अग्रक्रम द्यावा हा प्रश्न डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावा. आणखी एक इशारा: धाप लागली म्हणून घरी नुसत्या प्राणवायूचे सिलिंडर लावू नये. श्वासाचे स्नायू दुबळे असताना त्याने शरीरात कर्बवायू साठून रुग्ण गुंगीत जाऊ शकतो.

तिसरी गोष्ट अन्न. वजन घटू देणे या रोगात फार महाग पडते. पाण्याचा ठसका लागतो तेव्हा घट्टसर पेज, नाचणीचे सत्त्व, मऊ भात सोपा जातो. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली करून, घाई न करता भरवावे. गिळणे कठीण होऊ लागले तर पोटात नळी बसविण्याचा विचार श्वास चांगला आहे तोवर करावा. उशिरा ती शस्त्रक्रिया धोक्याची होते. चौथी गोष्ट बोलणे. आवाज आहे तोवर नातवंडांसाठी चार शब्द फोनमध्ये साठवून ठेवावेत. पुढे पुठ्ठ्यावर कवर्ग, चवर्ग अशा ओळी लिहून अक्षरफलक करावा. घरच्याने ओळीवर बोट ठेवावे आणि रुग्णाने डोळे मिटून होकार द्यावा. या फलकाला दोन रुपये खर्च येतो, आणि त्याने माणूस घराच्या संसारात पुन्हा सामील होतो.

औषधांच्या बाबतीत इतर काही नावेही कानांवर येतील. जपानने २०२४ साली ब-१२ जीवनसत्त्वाच्या मिथाइलकोबालामिन या रूपास, आठवड्यातून दोनदा ५० मिलिग्रॅम स्नायूत टोचण्याच्या मोठ्या मात्रेत, या रोगासाठी मान्यता दिली. आपल्याकडे अशक्तपणासाठी मिळणारे इंजेक्शन त्याहून पुष्कळच कमी मात्रेचे असते. ते म्हणजे हे नव्हे. सोड-१ नावाच्या जनुकातील दोषामुळे रोग झालेल्या थोड्या रुग्णांसाठी पाठीच्या कण्यातून द्यावयाच्या टोफर्सेनला अमेरिकेने २०२३ साली मान्यता दिली. कुटुंबात हा रोग दुसऱ्या कोणाला झाला असेल तर जनुकतपासणीविषयी विचारावे. मूलपेशींच्या उपचाराच्या जाहिराती मात्र फार सावधपणे वाचाव्यात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, रक्ताच्या ठराविक रोगांतील प्रत्यारोपण सोडून असे उपचार मान्य प्रयोगाबाहेर करू नयेत असे म्हटले आहे. संशोधनातील रुग्णाकडून सहसा पैसे घेत नाहीत. जो लाखो रुपये मागतो त्याला त्याचा प्रयोग कोठे नोंदला आहे हे विचारावे.

कायद्याचीही थोडी मदत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली चलनवलनाचे दिव्यांगत्व चाळीस टक्के वा अधिक ठरल्यास दाखला मिळतो. त्याच्या आधारे मिळणाऱ्या सवलतींची चौकशी तहसील कचेरीत करावी. आणि अखेरच्या काळात कृत्रिम श्वासाचे यंत्र घशातून लावावे की नाही, याविषयी आपली इच्छा माणसाला आधी लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क २०१८ च्या मार्च महिन्यात मान्य केला आणि २०२३ च्या जानेवारीत त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यापुढे तो लेख करता येतो. हे बोलणे घरात अशुभ वाटते. परंतु ते रुग्णाच्या तोंडून ऐकता आले नाही तर मध्यरात्री, अतिदक्षता विभागाच्या दाराशी, भावंडांना आपसांत ते ठरवावे लागते.

सारांश, डॉक्टरांकडे जाताना सात प्रश्न लिहून न्यावेत. निदान कितपत निश्चित आहे? रोग सुरू होऊन किती महिने झाले आणि श्वासाची शक्ती आज किती टक्के आहे? आजचे गुण ४८ पैकी किती? दमा व मूत्रपिंड यांच्या दृष्टीने हे औषध सुरक्षित आहे काय? सलाइन गावात कोण लावील आणि अडचण आल्यास कोणाला फोन करावयाचा? वर्षाचा संपूर्ण खर्च काय, आणि तो केल्यावर श्वासयंत्रासाठी व अन्नासाठी काय उरेल? आणि कोणत्या परिस्थितीत आपण हे थांबवू? या प्रश्नांची उत्तरे ऐकताना रुग्णास बाहेर बसवू नये. शीर त्याची आहे; पहिला शब्द त्याचा असला पाहिजे.

आणि हे औषध न घेण्याचे ज्याने ठरविले, त्याच्याकडे कोणी कीव करून पाहू नये. घेण्याचे ठरविले त्याला कोणी वेड्यात काढू नये. थोडी शक्ती थोडा काळ अधिक टिकावी म्हणून महिन्यातून दहा दिवस सुई टोचून घेणे एखाद्याला मोलाचे वाटेल. दुसऱ्याला तेच दहा दिवस कुंडलिकेच्या काठावर बसण्यासाठी हवे असतील. दोन्ही निर्णय विचारपूर्वक केले असतील तर दोन्ही योग्य आहेत.

गावाने काय करावे? अशा घरी समाचाराला जाताना नवे औषध सुचवू नये. त्यापेक्षा सलाइनच्या एका तासात रुग्णाजवळ बसावे, म्हणजे रात्रभर जागलेल्या गृहिणीला तेवढा डोळा लावता येईल. दहा दिवसांच्या फेरीत शेजारच्या दहा घरांनी एकेक दिवस वाटून घेतला, तर जगातील कोणत्याही कंपनीला बनविता न येणारे असे एक औषध रोह्याने बनविले, असे आम्ही समजू.